बाईंचं गाऱ्हाणं

आमच्या घरमालकीणबाईंच्या माजघरात एक कपाट होतं आणि ते फक्त त्यांनाच दिसत असे.

भिंतीलगत जमिनीवर खडूने आखलेला एक चौकोन होता, एवढंच. मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला ऑपरेटरची नोकरी लागली आणि मी खोली बघायला बाईंकडे गेले, तेव्हा त्या चौकोनावरून सरळ चालत पुढे गेले. मागून खणखणीत आवाज आला, "कपाटात खय शिरतंस गो?"

मी दचकून मागे वळले. बाईंनी हाताने खूण केली, तशी मी चौकोनाच्या बाहेरून वळसा घालून पुन्हा आले. मग त्यांचं समाधान झालं. भाडं ठरलं, अटी ठरल्या, चहा झाला. खोली घ्यावी की पळून जावं, हे काही माझं त्या दिवशी ठरत नव्हतं. पण बंदराच्या बाजूला एवढ्या स्वस्तात दुसरी खोली मिळणार नव्हती, म्हणून मी राहिले. आयुष्यातले काही शहाणपणाचे निर्णय माणूस नाइलाजाने घेतो, त्यातला हा एक.

कपाटाची भानगड अशी होती. घरात कुठलीही मोठी वस्तू आणायची झाली, की बाई आधी तिची जागा आखत. मग ती वस्तू आलीच आहे असं समजून एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढत. तिला धडकायचं नाही, तिच्या जागेत काही ठेवायचं नाही. तेवढ्या काळात पैसे साठत. पैसे साठूनही ती वस्तू हवीशी वाटली तर रोख मोजून आणायची. जमीन शेणाने सारवली की चौकोन पुसला जाई आणि बाई पुन्हा खडू घेऊन उकिडव्या बसत. कपाटाला त्यांनी असे सगळे ऋतू दाखवले. आणि एक दिवस सारवण झाल्यावर त्यांनी खडू हातात घेतलाच नाही.

"बाई, कपाट?" मी विचारलं.

"इला आणि गेला," बाई म्हणाल्या. "कपडे ट्रंकेत बरे आसत."

बाई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं मालवण त्यांना बाईच म्हणायचं, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंही. नवरा लग्नानंतर लवकरच गेलेला, मूलबाळ नाही. उंच, काटक, नाकात एक बारीक चमकी. बोलणं अस्सल मालवणी. प्रमाण मराठी त्या फक्त दोन ठिकाणी बोलत, सरकारी ऑफिसात आणि रागावल्यावर. त्यामुळे त्यांनी "आपण जरा बसावं" असं म्हटलं, की समोरचा माणूस घाबरून उभाच राही.

उधारीचं तर त्यांना वावडं होतं. एकदा माझ्याकडे चार आणे सुटे नव्हते म्हणून वाणी म्हणाला, "फाल्या दिया," म्हणजे उद्या द्या. मी काड्यापेटी घेऊन घरी आले, तर बाईंनी मला उन्हातून परत पाठवलं, चार आणे द्यायला. दारावर येणारी मासेवाली मोठ्या जिभेची होती. सौंदाळे वाट्यावर टाकून ती म्हणायची, "पैसे खय पळतत काय? घेवा." बाई तिचा वाटा तिच्याच टोपलीत परत ठेवत. "उधारीचो मासो पोटात गेलो तरी पोवत ऱ्हवता गो बाय. माका झोप लागूची नाय." मासेवाली कपाळावर हात मारून निघून जाई आणि आम्ही त्या दिवशी कुळथाची पिठी खात असू. मला राग येई. ताज्या सौंदाळ्यांचा वास नाकात आणि ताटात पिठी, हे सोसायला जी थोरवी लागते ती माझ्यात तेव्हा नव्हती.

पण म्हणून बाई कंजूष होत्या असं कोणी म्हटलं, तर मी आजही भांडेन. कोणी उसने पैसे मागायला आला, की त्या सरळ सांगत, "मी उसने दिणंय नाय." मग आत जाऊन येत आणि मागितले असतील त्याच्यातले थोडे त्याच्या हातावर ठेवत. "हे दिलंय. परत हाडूचे नाय." माणूस गोंधळून जाई. घ्यावे तर भीक घेतल्यासारखं, न घ्यावे तर गरज खरी. बाईंचं म्हणणं असं, की उसने दिले की पैसे जातात आणि माणूसही जातो. देऊन टाकले की निदान माणूस राहतो. शेजारचा एक गृहस्थ मात्र यातून काय शिकायचं ते शिकला. तो दर चतुर्थीच्या आधी तिप्पट रक्कम उसनी मागायला येई. बाईंना ते कळत होतं. त्या म्हणत, "ऱ्हवांदे, तेवढीच त्येची बुद्धी चलता."

ते दिवस हप्त्यांच्या नवलाईचे होते. मिक्सर हप्त्याने, पंखा हप्त्याने, टीव्ही हप्त्याने. गळ्यात टाय बांधलेला एक मुलगा दारोदार फिरायचा. बाईंनी त्याला बसवलं, कोकम सरबत दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग अगदी मायेने विचारलं, "बाबू, ह्यो टायपण हप्त्याचो काय रे?" तो बिचारा खरं बोलला. "पयलो पगार होवक नाय अजून," तो म्हणाला. बाईंनी त्याला जेवूनच पाठवलं.

निवृत्तीचे पैसे ठेवायला त्या बँकेत गेल्या, तेव्हा मी बरोबर होते. तिथले साहेब नवे होते, उत्साही होते. म्हणाले, "बाई, तुमची गावात एवढी पत आहे, घराच्या दुरुस्तीला कर्ज का घेत नाही? लगेच मंजूर करतो." बाईंनी चष्मा काढला. "पत आहे म्हणून कर्ज काढायचं, म्हणजे पाय धड आहेत म्हणून एक मोडून बघायचा, असंच ना?" साहेब हसले, पण जरा उशिरा हसले.

परवा माझा भाचा मला मोबाईलवर त्याचा पत-आकडा दाखवत होता. परीक्षेतले गुण दाखवावेत तसा. कर्ज काढून वेळेवर फेडत राहिलं की तो आकडा वाढतो म्हणे. "आणि ज्याने कधी कर्जच काढलं नाही त्याचं काय?" मी विचारलं. "त्याचा आकडाच नसतो, मावशी. बँकेला तो माणूस माहीतच नसतो." मला बाई आठवल्या आणि एवढं हसू आलं, की त्याला वाटलं मला काही कळलंच नाही.

बाईंची खरी कीर्ती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होती. त्या गाऱ्हाणं घालायच्या.

आमच्याकडे कुठल्याही कार्याआधी देवापुढे नारळ ठेवतात आणि गावातला मानाचा माणूस मोठ्याने देवाशी बोलतो. बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं जमली आहेत, त्यांचं वाकडं-नाकडं सरळ कर, असं. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "होय म्हाराजा!" गाऱ्हाणं घालणारा पुरुषच असतो. बाईमाणसाने ते घालायचं नसतं. बाई रोज तिन्हीसांजेला आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तुळशीपुढे उभ्या राहून घालायच्या. कोणीतरी त्यांना टोकलंच. तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाक कान आसत. तो मिश्यो बघीत बसणा नाय."

गाऱ्हाण्यात सगळे मागतात, "एकाचे एकवीस कर रे म्हाराजा." बाईंचं मागणं निराळं होतं. "एकाचे एकवीस नको करू. एकाचा एकच ऱ्हवांदे, पण ता आमचा ऱ्हवांदे!"

"होय म्हाराजा!" हे मी म्हणायचं. भाडेकरणीच्या अटींत ते होतं. मी चहा गाळत असले, केस विंचरत असले, तरी आतूनच ओरडत असे. या सवयीचा एक तोटा होता. आपण कशाला हो म्हणतोय, याकडे लक्षच राहत नाही. एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "ह्या घरातला एक चेडू कंगव्यातले केस खिडकीतसून भायर टाकता, तेका बुद्धी दी रे म्हाराजा!" मी आतून जोरात म्हटलं, "होय म्हाराजा!" आणि मग हातातल्या कंगव्याकडे बघितलं. घरातलं चेडू, म्हणजे मुलगी, मी एकटीच होते. देवासमोर कबूल झालेलं, आता करता काय? केस पुडीत बांधून टाकायला लागले. ही सवय इतकी अंगात भिनली, की एकदा एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलवरचे कोणी मोठे अधिकारी "लाइन लवकर जोडून द्या" म्हणाले आणि मी कानाला यंत्र लावून तशीच म्हणाले, "होय म्हाराजा!" शेजारची ऑपरेटर खुर्चीतून पडायची राहिली.

माझं लग्न ठरलं ते बाईंच्या घरात असतानाच. मुलगा कुडाळला हायस्कुलात शिक्षक. त्याच्या वडिलांचं मालवणात कापडाचं दुकान. माणसं चांगली. मुलगा मला आवडला होता, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि ते सगळ्यांना कळलं होतं.

हुंड्याची गोष्टच निघाली नाही. मुलाचे मामा बोलणी करायला आले होते. ते म्हणाले, "आमका काय्येक नको. फक्त लगीन आमच्या मानाप्रमाणे करून दिया." एवढंच. माझे वडील आनंदाने हो म्हणाले. मग मामा एकेक मान सांगत गेले. मालवणात हॉल. कोल्हापूरचा बँड. मुंबईच्या पाहुण्यांची राहायची सोय. दोन्ही वेळची पंगत. हुंडा मागितला असता तर नाही तरी म्हणता आलं असतं. मानाला नाही कसं म्हणणार?

माझे वडील यष्टीचे ड्रायव्हर होते. आमचं गाव मालवणपासून आत, डोंगराच्या बाजूला. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे होती ती एक काजूची बाग. कातळावर माती वाहून नेऊन, सुट्टीच्या दिवशी कावडीने पाणी घालून त्यांनी ती जगवली होती. घर चालायचं ते त्याच बागेवर. बोलणी झाल्यावर काही दिवसांनी वडील कागदपत्रांच्या कामाला मालवणात आले आणि बाईंच्या पडवीत चहाला बसले. पिशवीतून सातबाऱ्याचा कागद डोकावत होता.

"ता काय?" बाईंनी विचारलं.

"बागेर थोडे पैसे उचलतंय," वडील म्हणाले. "चेडवाचा लगीन आसा. मागीर फेडूया सावकाश."

मी तिथेच होते. म्हणाले, "बाबा, बाग गहाण टाकू नका. माका नको तसला लगीन."

"तू गप ऱ्हव," वडील म्हणाले. रागाने नाही, कानकोंड्या आवाजात म्हणाले. "शब्द दिलंय मी. आता माघार घेतलंय तर लोक काय म्हणतले?"

मी बाईंकडे बघितलं. चार आण्यांसाठी मला उन्हात पिटाळणाऱ्या बाई आता यांना धारेवर धरणार, असं मला वाटलं. पण त्यांनी चहाची कपबशी उचलली आणि म्हणाल्या, "साखरपुडो माझ्या खळ्यात करा. मालवणातल्यांका मालवणात बरा पडता. जागेचे पैसे नकोत." वडिलांना तेवढाच आधार वाटला. मला मात्र त्यांचा राग आला. रात्री उशीत तोंड खुपसून रडले. बाईंच्या गोष्टी सगळ्या बोलण्यापुरत्या, असं मी मनात म्हटलं.

साखरपुड्याला खळं भरून गेलं. आमच्या गावची माणसं, त्यांची माणसं, आळीतले सगळे. पाटावर नारळ ठेवला. गाऱ्हाणं कोणी घालायचं? मामा पुढे सरसावले, तर बाई पदर खोचून नारळासमोर येऊन उभ्याच राहिल्या.

"बाईमाणूस?" मामा म्हणाले.

"घर कोणाचा?" बाईंनी विचारलं. आळीतली माणसं हसली. मामा मागे झाले.

बाईंनी सुरुवात केली आणि नेहमीसारखी केली. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे दोन घरं एकत्र आली आहेत. होय म्हाराजा! त्यांच्या मुलाबाळांना सुखी ठेव. होय म्हाराजा! आवाज चढत गेला, वाक्यं आखूड होत गेली, लोकांना लय सापडली. मुलं टाळ्या वाजवायला लागली.

"चेडवाच्या बापाशीन जन्मभर यष्टी हाकलल्यान, पण रस्त्यार कोंबडीचा पिल्लू चिरडूक नाय!"

"होय म्हाराजा!"

"कातळार माती घालून काजीची बाग केल्यान!"

"होय म्हाराजा!"

"ती बाग त्येची आसा, त्येचीच ऱ्हवतली! लग्नापायी गहाण पडाची नाय!"

"होय म्हाराजा!"

"लगीन चेडवाच्या खळ्यात होतला! एका वेळची पंगत होतली!"

"होय म्हाराजा!"

"खर्च दोनय घरा अर्धो अर्धो करतली!"

"होय म्हाराजा!"

"आणि ज्येका बँड होयो, त्येना आपल्या खिशातसून हाडूचो!"

"होय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज मामांचा होता.

"आणि जो कोण ह्या मोडीत, त्येका तू बघून घी रे म्हाराजा!"

या वेळचा होय जरा अडखळला. पुढच्या रांगेतला निघाला, मागच्यांचा घशात राहिला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मामांचं तोंड उघडंच होतं. बाईंनी कोणाला उसंत दिली नाही. नारळ उचलला, दगडावर आपटला, पाणी उडालं. देवापुढे सगळं खळं कबूल होऊन बसलं होतं. मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी खाली मान घातली होती आणि हात जोडलेले होते, ते कितीतरी वेळ तसेच होते.

मामांनी नंतर बाईंना गाठलंच. "बाई, ता आमी सवयीन म्हटलाव."

"देवय सवयीनच ऐकता," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर प्रसादाची खोबऱ्याची शेरणी ठेवली.

गंमत म्हणजे माझे सासरे मुळीच रागावले नाहीत. ते पडवीत वडिलांजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बरा झाला. ह्या मेव्हण्याच्या मानाखाली माझा दुकान चेपलेला." दोघे मग विडी ओढत बसले.

पाहुणे गेल्यावर मी आणि बाई विहिरीपाशी भांडी घासत होतो. मी त्यांच्यावर रागावले होते, हे त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, "बाबा इलेले तेव्हाच त्यांका कित्या नाय सांगलात?"

"बापूस आयकता काय? त्येका लोकांची भीती. मगे लोकांकडसूनच वदवूक होया." बाई टोप घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नाक माझ्या बापाशीनय सावकाराकडसून पैसे काढल्यान. वाजंत्री, दारूकाम, सगळा केल्यान. नाव झाला मालवणात. चार वर्सांनी घोव कावीळीन गेलो. बापाशीक फेडूक जमणा नाय, म्हणान पगार झालो की पयली मी सावकाराच्या दारात. कुंकू पुसला गो, पण लगीन काय संपाक नाय. केस पिकाक लागले तरी मी आपला लगीन फेडी होतंय. घोवाचो चेरो आता धड आठवणा नाय माका. सावकाराचो आठवता."

मी भांडी टाकून त्यांना मिठी मारली. त्यांच्या हाताला राख होती, म्हणून त्यांनी दोन्ही हात लांब धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्यावर पुष्कळांचे उपकार आहेत, पण त्या दिवसाएवढं मोठं काही मला कोणी दिलेलं नाही.

माझं लग्न आमच्या खळ्यात झालं. काजूच्या बागेतून वारा येत होता. एका वेळची पंगत उठली, मांडवाचे बांबू ज्याचे त्याला परत गेले आणि दिवस मावळायच्या आत लग्न संपलंसुद्धा. निघायच्या वेळी वडिलांच्या पाया पडायला म्हणून मी त्यांना शोधलं, तर ते बागेच्या कडेला चटईवर गाढ झोपलेले. अंगावर लग्नातलाच नवा सदरा. आई त्यांना हाक मारणार होती. "चेडू निघाला आणि ह्यो माणूस घोरता!" पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली, पोरीला निरोप द्यायला बाप जागा नाही, म्हणून. मी आईचा हात धरला. थोडा वेळ तिथेच उभी राहून त्यांचं घोरणं ऐकलं आणि त्यांना न उठवता गाडीत जाऊन बसले.